डेट्रॉइटची चित्रे कोणाच्या मालकीची?



अमेरिकेचा प्रवास करून आलेला मनुष्य तेथील कलासंग्रहालयांविषयी बोलू लागला, म्हणजे आपण कोणकोणती चित्रे पाहिली याची यादी तो मोठ्या हौसेने सांगतो. ती चित्रे तेथे आली कशी, त्यांचे मोल कोणी दिले आणि ती आहेत तरी कोणाच्या मालकीची, हे प्रश्न सहसा कोणाला सुचत नाहीत. डेट्रॉइट शहरावर मात्र २०१३ साली या प्रश्नांचा उलगडा करण्याची पाळी आली. त्या प्रसंगाची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे गाव. तेथील कलासंग्रहालय १८८५ साली काही कलाप्रेमी नागरिकांनी काढले आणि १९१९ साली ते शहराच्या स्वाधीन झाले. त्या वेळी कारखान्यांची भरभराट होती, आणि नगरपालिकेची तिजोरी भरलेली होती. करांच्या पैशातून चित्रखरेदी सुरू झाली. १९२२ साली व्हॅन गॉगचे एक आत्मचित्र शहराने विकत घेतले. अमेरिकेतील सार्वजनिक संग्रहालयाने खरेदी केलेले त्या चित्रकाराचे हे पहिलेच चित्र. १९२७ साली वुडवर्ड ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर संगमरवरी इमारत उभी राहिली. १९३० साली व्हॅलेंटिनर या जर्मन संचालकाने ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातील चित्रकाराचे ‘लग्नातील नाच’ हे चित्र आणले. सुमारे सव्वाशे खेडूत वऱ्हाडी त्यात बेभान होऊन नाचत आहेत. गिरणीकामगाराने भरलेल्या करातून घेतलेले चित्र त्याच कामगाराने रविवारी येऊन पाहावे, असा हा सरळ व्यवहार होता.

पुढे मंदी आली. ७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा मोर्चा फोर्डच्या रूज कारखान्यावर गेला असता त्यावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढच्याच महिन्यात डिएगो रिव्हेरा हा मेक्सिकन चित्रकार पत्नी फ्रिडा काहलो हिच्यासह डेट्रॉइटला आला. संग्रहालयाच्या मधल्या चौकाच्या भिंती रंगविण्यासाठी व्हॅलेंटिनरने त्याला बोलाविले होते आणि खर्च देणार होता एड्सेल फोर्ड, म्हणजे त्याच फोर्ड कंपनीचा अध्यक्ष! चित्रकार विचाराने साम्यवादी आणि आश्रयदाता कारखानदार, असा हा विलक्षण योग होता.

रिव्हेरा कित्येक आठवडे रूज कारखान्यात हिंडला. यंत्रे, भट्ट्या आणि माणसांच्या हालचाली त्याने टिपून घेतल्या. मग ओल्या गिलाव्यावर रंग चढवीत मार्च १९३३ पर्यंत त्याने २७ चित्रफलक पुरे केले. उत्तरेच्या भिंतीवर मोटारीचे इंजिन घडत आहे, तर दक्षिणेच्या भिंतीवर मोटार जोडली जात आहे. वाकलेले, ओढणारे, ढकलणारे कामगार हेच त्यातील नायक. धनिकांच्या देणग्यांवर वाढलेल्या मंदिरात कष्टकरी माणूस मध्यभागी येऊन उभा राहिला.

अर्थातच गदारोळ उठला. एका फलकात बालकाला लस टोचतानाचे दृश्य आहे. बालक, परिचारिका, वैद्य आणि पुढे घोडा, गाय, मेंढ्या अशी मांडणी पाहून ही ख्रिस्तजन्माची विटंबना आहे, असे काही धर्मोपदेशक म्हणू लागले. भिंतींना चुना फासा, अशीही मागणी झाली. परंतु एड्सेल फोर्ड डगमगला नाही, आणि लोक तर हजारोंनी चित्रे पाहावयास लोटले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील रिव्हेराचे भित्तिचित्र १९३४ साली फोडून टाकण्यात आले, हे ध्यानात घेतले म्हणजे डेट्रॉइटच्या भिंती वाचल्या याचे महत्त्व कळते.

त्यानंतरचा काळ उतरणीचा. कारखाने बाहेर गेले, वस्ती पांगली. १९५० साली शहरात साडेअठरा लाख माणसे होती, ती २०१० साली सव्वासात लाखांच्याही आत आली. करदाते गेले, कर्जे राहिली. शेवटी १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणे सुमारे १,८०० कोटी डॉलरचे! धनकोंची नजर साहजिकच संग्रहालयाकडे वळली. १९१९ पासून मालक शहर, मग शहराच्या पैशातून घेतलेली चित्रे विकून देणे का भागवू नये? क्रिस्टीज या लिलावसंस्थेने अशा सुमारे २,८०० वस्तूंची किंमत काढली, ती ४५ कोटी ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान भरली. नाचणाऱ्या वऱ्हाडालाही त्यात किंमतीची चिठ्ठी लागली. याउलट, हा संग्रह जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेला आहे, कर्जफेडीसाठी तो विकता येणार नाही, असा अभिप्राय मिशिगनच्या ॲटर्नी जनरलनी दिला.

येथे आपण रसिकांनी घाईने निकाल देऊ नये. दुसऱ्या बाजूला केवळ सावकार नव्हते. आयुष्यभर रस्ते झाडलेले, बस चालविलेले, आगी विझविलेले हजारो निवृत्त नोकर होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनावर कुऱ्हाड येत होती. एखाद्या म्हातारीच्या औषधापेक्षा चित्र मोठे काय, असे कोणी विचारले तर त्याला अरसिक म्हणून गप्प बसविता येणार नाही.

मार्ग निघाला तो असा. अनेक धर्मादाय प्रतिष्ठानांनी मिळून ३६ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. संग्रहालयाने १० कोटी जमविण्याची हमी घेतली, आणि राज्य सरकारने १९ कोटी ५० लाख दिले. हा पैसा निवृत्तिवेतनाच्या निधीत जावयाचा आणि त्याच्या बदल्यात संग्रह शहराच्या मालकीतून काढून स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे द्यावयाचा, असा तो करार. मौज अशी की, यातील सर्वांत मोठी देणगी, १२ कोटी ५० लाखांची, फोर्ड फाउंडेशनची होती, आणि ते १९३६ साली स्थापन केले होते एड्सेल फोर्डने. न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजनेला मान्यता दिली.

निवृत्तांनीही मतदान करून ती पत्करली, पण त्यांना झीज सोसावी लागलीच. सामान्य नोकरांचे वेतन साडेचार टक्क्यांनी घटले, महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली आणि वैद्यकीय मदत फार आखडली. चित्रे वाचली असे म्हणताना कोणाच्या ताटातला घास कमी झाला, याचा विसर पडू नये.

आजूबाजूच्या लोकांचाही यात वाटा आहे. २०१२ साली, म्हणजे दिवाळखोरीपूर्वीच, वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन परगण्यांतील मतदारांनी संग्रहालयासाठी आपल्या घरांवर जादा कर बसवून घेतला होता. त्याच्या बदल्यात त्यांना प्रवेश विनामूल्य झाला. २०२० साली त्यांनी तो कर पुन्हा मंजूर केला. स्वतःवर कर लादून घेण्यास हात वर करणारे मतदार कोठेही विरळाच!

न्यायालयाच्या मान्यतेनंतर चारच महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, तेथे रिव्हेरा आणि फ्रिडा यांच्या डेट्रॉइटमधील वर्षाचे प्रदर्शन भरले. ज्या भिंती पुसण्याची मागणी झाली होती, त्यांची पूर्वरेखाटने त्यात मांडली होती. २०२२ साली त्या आत्मचित्राच्या खरेदीला शंभर वर्षे झाली, म्हणून ‘अमेरिकेतील व्हॅन गॉग’ हे ७४ चित्रांचे प्रदर्शन झाले. यादी वाचणाऱ्याला ही केवळ दोन प्रदर्शने. आपल्याला मात्र आता त्यांमागची किंमत ठाऊक आहे.

चित्रे कोणाची, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर विश्वस्तांची, असे आहे. मला वाटते, जो समाज वाईट दिवसांतही त्यांच्यासाठी पदरमोड करतो त्याची ती असतात, आणि पदरमोड थांबली की मालकीही सरते. डेट्रॉइटला कधी जाणे झालेच, तर त्या चौकात उभे राहून इंजिन घडविणाऱ्या कामगारांकडे जरूर पाहावे. त्यांच्याच निवृत्त भाऊबंदांनी चित्रांसाठी आपला हिस्सा दिला आहे, एवढे मनात असू द्यावे.