गहू, हॉलंड आणि बशीतलं आतडं

एटापल्लीत एखादं लेकरू सुकत चाललं, पांढरं पडलं की आम्हा लॅबवाल्यांना आधी मलेरिया, सिकलसेल, नाहीतर जंत आठवतात. गव्हावर संशय कोण घेणार? इथली पोटं भातावर आणि कोसरीसारख्या भरडधान्यावर पोसलेली. पोळी आली ती रेशनच्या गव्हाबरोबर आणि आश्रमशाळेच्या ताटात. पण गव्हातल्या ग्लूटेनमुळे काहींच्या शरीरातली रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तो आजार म्हणजे सिलिअॅक.

हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३०च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, माणसं भुकेनं मेली; पावाविना त्या आजाराच्या लेकरांचं काय होतं, ते पाहून डिके यांची खात्री वाढली. गहू द्यायचा, बंद करायचा, लेकराची वाढ मांडत राहायची, असं करून १९५०मध्ये त्यांनी उट्रेख्तला प्रबंध सादर केला. पुरावा पक्का होता, पण प्रयोग आजारी पोरांच्या अंगावरच झाला होता.

१९५६मध्ये लंडनच्या मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा काढून दाखवला. बायोप्सीच्या स्लाइडवर झिजलेलं अस्तर दिसू लागलं. जन्मभर स्लाइड बघितल्यामुळे तिची मर्यादा मला ठाऊक आहे: झालेलं नुकसान दिसतं, होत असलेलं दिसत नाही.

पुढचा टप्पा पुन्हा उट्रेख्तचाच. २००९मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एका मूळपेशीपासून बशीत इवलंसं आतडं वाढवलं. मात्र त्यात नुसतं अस्तर होतं, हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या. ती उणीव स्टॅनफर्डच्या कॅल्विन कुओ यांच्या गटानं भरून काढली. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात रुग्णांच्या आतड्याचे तुकडे त्यांतल्या रोगप्रतिकारक पेशींसकट जगवले होते. ग्लूटेनचे अंश घातल्यावर अस्तराच्या पेशी मरू लागल्या. इंटरल्युकिन-७ हा रेणू अडवल्यावर ते मरण थांबलं. डिके यांची देऊन-काढून पाहण्याची रीत आता बशीत करता येते. पुढे कुणाला कोणतं औषध लागू पडेल, तेही त्याच्याच आतड्याच्या तुकड्यावर आधी पाहता येईल.

आज मात्र उपचार एकच: गहू, जव, राय कायमचे बंद. मलेरिया नाही, सिकलसेल नाही, जंताचं औषध देऊनही लेकरू भरत नाही, तर सिलिअॅकच्या टीटीजी चाचणीसाठी रक्त पाठवावं. आणि तपासण्या पुऱ्या होईपर्यंत पोळी बंद करू नये; आधीच बंद केली, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.