हळद, कडुनिंब आणि पुराव्याचा कायदा

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २८ मार्च १९९५ रोजी ५४,०१,५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक सुमन दास आणि हरिहर कोहली. हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे. पेटंटात एकूण सहा दावे होते. पहिला दावा सरळच आहे: हळदीची पूड पुरेशा प्रमाणात देऊन रुग्णाची जखम बरी करण्याची पद्धत. पुढे ती पोटात घेण्याचा आणि वरून लावण्याचा उल्लेख येतो.

हा दस्तऐवज नीट वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुरगळणे, सूज यांवर भारतात हळद फार पूर्वीपासून पारंपरिक औषध म्हणून वापरतात, हे पेटंटाच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. म्हणजे भारतीय वापर कुणाला ठाऊकच नव्हता, असे नाही. तरीही पेटंट मिळाले. याचे कारण अमेरिकेच्या तेव्हाच्या पेटंट कायद्यात होते. एखादी गोष्ट आधीपासून माहीत असल्याचा किंवा वापरात असल्याचा पुरावा अमेरिकेतला असेल तर चाले. परदेशातला असेल तर तो पेटंटाच्या किंवा छापील प्रकाशनाच्या रूपातच लागे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात भात कापताना विळा बोटाला लागला की चिमूटभर हळद दाबून धरतात आणि पुढची पात कापायला घेतात. हे कुणाला सांगण्यासारखे आहे, असेही तिथे वाटत नाही. त्या कायद्यापुढे या बोटाची पुरावा म्हणून किंमत शून्य होती.

काळही ध्यानात घ्यावा लागतो. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. ज्ञान एका बाजूने सगळ्यांना मोकळे होत होते आणि दुसऱ्या बाजूने त्यावर मालकीची कुंपणे पडत होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. पेटंटाकडे पाठ फिरवून चालणार नाही, भारतीय शास्त्रज्ञांनी ती घ्यायला, वाचायला आणि वेळ पडली तर पाडायलाही शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये हळदीच्या पेटंटाच्या फेरतपासणीचा अर्ज केला आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू मजकूर होता, काही शंभर वर्षांहून जुना होता, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक निबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने हे आक्षेप मान्य केले. २१ एप्रिल १९९८ च्या फेरतपासणी प्रमाणपत्राने सहाही दावे रद्द ठरवले.

हा विजय खरा आहे, पण तो कशाचा ते नेमके सांगितले पाहिजे. लोकांना हळद ठाऊक होती, एवढ्यावर पेटंट पडले नाही. ते कुणीतरी छापून ठेवले होते, म्हणून पडले.

कडुनिंबाच्या खटल्यात चित्र वेगळे दिसते. निंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना संयुक्त पेटंट दिले होते. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली. या मंडळींची भूमिका माशेलकरांपेक्षा मूलगामी होती: सजीवांवर आणि लोकज्ञानावर मालकी सांगणेच त्यांना अमान्य होते. युरोपीय कार्यालयाच्या म्युनिकमधल्या सुनावणीत मात्र युक्तिवादाच्या जोडीला शेतातला पुरावा उपयोगी पडला. अभय फडके या भारतीय उद्योजकांनी साक्ष दिली, की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. युरोपच्या कायद्यात जगात कुठेही झालेला जाहीर वापर पुरावा म्हणून चालतो. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

दोन्ही खटल्यांत भारतीयांचे ज्ञान जुनेच होते. फरक पुराव्याच्या नियमात होता. पुणे जिल्ह्यातले शेत म्युनिकमध्ये साक्षीला चालले, वॉशिंग्टनमध्ये चालले नसते. अमेरिकेने २०११ च्या सुधारणेने हा भेद काढून टाकला. ती तरतूद मार्च २०१३ पासून लागू झाली.

भारताने मात्र हळदीच्या खटल्यातून कागदाचा धडा घेतला. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत पेटंट तपासनिसांपुढे ठेवली गेली. काम मोलाचे आहे, पण त्याचा आधार ग्रंथ आहेत. वेल्ह्यातल्या शिरकोलीच्या शिरकाईच्या देवराईत कोणते झाड कशाला लागते, हे सांगणारी माणसे कुठल्याही संहितेत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त पश्चिम घाटातल्या देवरायांवर निबंध लिहिला, तेव्हा या जगाला थोडी छापील जागा मिळाली. पुढे गाडगीळांनीच लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना रेटली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यातून ती गावोगावच्या समित्यांकडे आली. या वह्या पूर्ण करायला राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि चुकल्यास राज्याला दरमहा १० लाखांचा भुर्दंड ठरवला. मुदत गाठायला भरलेली वही आणि माणसांना विचारून भरलेली वही यांत फरक असतो.

म्हणून भोर आणि वेल्ह्याच्या वाचकांना एवढेच सांगणे: ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागून घ्या आणि वाचा. जे सुटले असेल ते सांगणाऱ्याच्या संमतीने, तारीख घालून लिहायला लावा. जे उघड करायचे नाही, तेही गावानेच ठरवावे. पेटंटाचा वाद उद्या कुठेही उभा राहिला, तरी तिथे आधी विचारतील ते हेच: पुरावा काय आणि तो कोणत्या तारखेचा?