फिट्झगिबन चषक आणि निष्ठेची परीक्षा

हर्लिंग हा आयर्लंडचा फार जुना खेळ. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, हातात अ‍ॅशच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी आणि चामड्याचा लहान चेंडू. दुरून हॉकीसारखा वाटतो, पण इथे चेंडू जमिनीवरून जितका, तितकाच हवेतून धावतो. या खेळातली विद्यापीठांची स्पर्धा म्हणजे फिट्झगिबन चषक. कॉर्कच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे कॅपुचिन धर्मगुरू एडविन फिट्झगिबन यांनी हा चषक दिला आणि 1912 मध्ये डब्लिनच्या कॉलेजाने तो पहिल्यांदा जिंकला.

तेव्हा आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं. भाषा मागे पडत चाललेली, क्रिकेट आणि रग्बी प्रतिष्ठेचे खेळ मानले जायचे. देशी खेळ टिकावेत म्हणून 1884 मध्ये थर्ल्स गावात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मायकेल क्युसॅक स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेले होते. म्हणजे सुरुवात दुसऱ्याच्या द्वेषातून झाली नव्हती. आपलं जे आहे ते जपण्याची ती धडपड होती, आणि कोणत्याही दबलेल्या समाजाला ती समजते.

पण पुढे या धडपडीला कुंपण पडलं. जो सभासद क्रिकेट, रग्बी, फुटबॉल किंवा हॉकी हे ‘परके’ खेळ खेळेल, इतकंच काय, पाहायलाही जाईल, त्याला संघटनेतून काढायचं, असा नियम झाला. सभासद कुठला सामना पाहतो यावर नजर ठेवायला दक्षता समित्या नेमल्या गेल्या. वर्गातला मित्र रग्बी खेळत असेल, तर त्याचा सामना पाहणं हा हर्लिंग खेळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी गुन्हा ठरला.

या नियमाने कुणाला गाठलं? डग्लस हाइड यांना. प्रोटेस्टंट पाद्र्याचा हा मुलगा. आयरिश भाषेसाठी त्यांनी 1893 मध्ये गेलिक लीग उभी केली, डब्लिनच्या कॉलेजात आयरिश शिकवलं आणि 1938 मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष या नात्याने ते आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामन्याला हजर राहिले. संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. ज्याने भाषेसाठी आयुष्य वेचलं, त्याची निष्ठा एका दुपारच्या सामन्यावरून मोजली गेली.

इथे मी थांबतो, कारण हे माप आपल्या ओळखीचं आहे. भारत-पाकिस्तान सामना असला की मुस्लिम मोहल्ल्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं जातं, हे आपण जाणतो. टाळी कुणासाठी वाजली, फटाका कुठे फुटला, यावरून देशप्रेमाचा निकाल लागतो. पण आरशात आपणही पाहायला हवं. आपल्यातही कुणी कुठल्या सणाला गेला, कुठलं गाणं ऐकलं, यावरून त्याचा ईमान तोलणारे आहेतच. दक्षता समिती नेमायला बहुसंख्य असावं लागत नाही.

फिट्झगिबन चषक 1953 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने जिंकला. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिलेलं, आणि तिथे हर्लिंग हा मुख्यतः अल्पसंख्य कॅथलिकांचा खेळ. पुढे 1971 मध्ये संघटनेचं अधिवेशन याच क्वीन्स विद्यापीठात भरलं आणि तिथेच तो नियम रद्द झाला.

हर्लिंग बुडालं का? मुळीच नाही. कॉर्कच्या कॉलेजाने 1981 ते 1988 असा सलग आठ वर्षं हा चषक नेला. 2007 मध्ये तर संघटनेच्या क्रोक पार्क मैदानावर आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामना झाला. 1920 मध्ये याच मैदानावर ब्रिटिशांच्या गोळीबारात माणसं मेली होती. त्या दिवशी तिथे इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं आणि लोकांनी शांतपणे ऐकलं.

आपलं जपण्यासाठी शेजाऱ्याच्या मैदानाकडे पाठ फिरवावी लागत नाही. हर्लिंग टिकलं ते खेळणाऱ्यांमुळे. पहारा देणाऱ्यांमुळे नाही.