झऱ्यावरचा मळ्या

वऱ्हाडचा इतिहास म्हटला कीं आपणांस गाविलगड आणि नरनाळा आठवतात. आज मला ज्या रहिवाशाविषयीं बोलावयाचें आहे, तो या किल्ल्यांच्याहि आधींपासून सातपुड्याच्या ओढ्यांत राहत आला आहे. त्याची लांबी मात्र वीतभरहि नाहीं.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनमधील माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें ठेवलेलीं नांवें पाहिलीं तर मौज वाटते. मळ्या, मुरा, कोळस, शिंगटी हीं आपल्या कोळ्याभोयांच्या तोंडचीं नांवें लॅटिन वेषांत आजहि शास्त्रीय ग्रंथांत वावरत आहेत. मळ्याच्या खालच्या ओठाला चकतीसारखा भाग असतो. त्याच्या योगें तो वाहत्या पाण्यांत दगडाला धरून राहतो.

पुढें डॉ. सुंदरलाल होरा यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, आसामकडील डोंगरी मासे विंध्य-सातपुड्याच्या वाटेनें सह्याद्रीस पोहोंचले. १९४९ सालीं यावर विद्वानांचा परिसंवादहि झाला. नंतरच्या संशोधकांनीं हें मत सर्वस्वीं मान्य केलें नाहीं. निकाल कसाहि लागो, साक्षीदार आपल्याच ओढ्यांत आहेत.

सातपुड्याच्या काळ्या खडकाच्या चिरांत पावसाचें पाणी मुरतें व पायथ्याशीं झऱ्यानें बाहेर येतें. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाण पट्टा. तेथें विहीर खणावी तों पाणी मचूळ! गोड झऱ्याचें मोल वऱ्हाडकराला सांगावयास नको. चैत्र-वैशाखांत ओढा आटतो, उरतात ते झऱ्यावर जगणारे डोह. साऱ्या ओढ्याचें बियाणें त्या हातभर पाण्यांत कोंडलेलें असतें. पावसाळ्यांत तेंच पुन्हां खालीं पसरतें.

डोहांत विष कालवून मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें. त्या कायद्याला शेतकऱ्याचा फवारणीचा पंप मात्र ठाऊक नव्हता. १९८४ च्या आश्विनांत कपाशीवर एंडोसल्फान फवारून मीं स्वतः पंप शेताखालच्या डोहांत विसळला. दुसऱ्या दिवशीं मळ्या मासे पांढरीं पोटें वर करून तरंगत होते. शाळेंत मुलांना भूतदयेचे धडे देणारा मास्तर तो मीच! हें औषध सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंद केलें.

त्या वेळीं पुढल्या पावसाळ्यांत वरच्या डोहांतून मासे पुन्हां उतरले. आज पुष्कळ ठिकाणीं वरचे डोहच राहिले नाहींत. वरूड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागांसाठीं विंधनविहिरी इतक्या खोल गेल्या कीं, जमिनींत मुरतें त्याहून अधिक पाणी उपसलें जाऊं लागलें. आणि अशा उपशानें विहिरीच्या आधीं झरा मरतो.

आमच्या ओढ्याचा एक डोह अजून वैशाखांत ओला असतो. त्याच्या काठचे उंबर शेजाऱ्यांनीं तोडले नाहींत, व पंप आम्ही आतां ओढ्यापासून दूर, बांधापलीकडच्या खड्ड्यापाशीं धुतों. गेल्या उन्हाळ्यांत मीं तेथें एक दगड उलथला, तेव्हां त्याखालून चार मळ्या सटकले.