गोधडीतला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. कंधारचा किल्ला आपण सहलीत पाहिलेला असतो. १७६० ची उदगीरची लढाई परीक्षेत लिहिलेली असते. पण त्याच कंधार-उदगीरच्या घराघरांतून बायका त्या काळी काय करीत होत्या, याविषयी पाठ्यपुस्तक एक ओळही सांगत नाही. कारण उघड आहे. दप्तर पुरुषांच्या हाती होते आणि बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. तथापि त्यांनी मागे काहीच ठेवले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी गोधडी ठेवली. प्रस्तुत लेखात तिच्याविषयी थोडे सांगावयाचे आहे.

आपल्याकडे कोणी तिला गोधडी म्हणतो, कोणी वाकळ, तर मुसलमान घरांतून गुदडी असा शब्द ऐकू येतो. सीमेपलीकडे कर्नाटकात ती कौदी होते, बंगालमध्ये कांथा आणि सिंधमध्ये रल्ली. नावे निरनिराळी, काम एकच : झिजलेल्या कापडाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने पक्के करावयाचे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अरबीत 'रुकआ' म्हणजे तुकडा, मग तो कापडाचा असो की कागदाचा. कागदाचा तुकडा म्हणून आपल्या मराठीत 'रुक्का' आला. आपले आजोबा उसनवारीचा रुक्का लिहून घेत ते याच अर्थाने. आणि कापडाचा तुकडा म्हणून ठिगळांच्या झग्याला 'मुरक्का' हे नाव पडले. सूफी दरवेश तो अंगावर घालीत. अकराव्या शतकात लाहोरला राहिलेले हजरत अली हुजविरी यांनी आपल्या 'कश्फुल महजूब' या ग्रंथात या ठिगळांच्या झग्यासाठी स्वतंत्र प्रकरणच दिले आहे, आणि नुसता झगा घातल्याने कोणी दरवेश होत नाही, असेही बजावले आहे. मुर्शदाने मुरिदाला खिरका देण्याची चाल दख्खनच्या खानकाहांतूनही होती. आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) जन्मभर चिंध्यांचेच वस्त्र पांघरले; लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. ठिगळाला इतका मान एकीकडे, आणि दुसरीकडे पाहुणे आले की आपण घरातली गोधडी चादरीखाली लपवतो! असो.

आता ती होते कशी ते पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते आणि माणूस पुरता झाकला जातो. हे गणित आजीला कोणी शाळेत शिकविलेले नव्हते. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली की सारवलेल्या अंगणात लुगडे पसरावयाचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, मध्ये जुनी धोतरे, सदरे, परकर यांचे उसवून सपाट केलेले तुकडे अंथरावयाचे आणि वर दुसरे लुगडे. मग लांब लांब टाके घालून सगळे थर बांधून घ्यावयाचे. खरे शिवण त्यानंतर सुरू होते. ते काठापासून निघून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे येते, त्यामुळे आतले तुकडे गोळा होत नाहीत. दोन-तीन बायका समोरासमोर बसतात. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो आणि जाणती बाई टाक्यावरून शिवणारी ओळखते. हस्ताक्षर आणखी वेगळे काय असते?

आणि ही गोधडी वाचताही येते. नांदेडचे तलम कापड व जरीकाठी शेले एकेकाळी नावाजलेले होते. पण ते विणणाऱ्यांच्या घरी जाडेभरडेच पांघरूण असे. पुढे निजामी अमलात नांदेडला उस्मानशाही मिल निघाली, गिरणीचे कापड बाजारात आले आणि गोधडीत रंग वाढले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापडावर नियंत्रण आले आणि त्याची झळ सगळीकडेच लागली. अशा दिवसांतील गोधडीत ठिगळावर ठिगळ असते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली तेव्हा कित्येकांच्या डोक्यावर भांड्याबरोबर एक वाकळ होती. पुढे टेरिकॉट आणि पॉलिस्टर आले. हे कापड विरत नाही, घाम शोषत नाही आणि त्यातून सुई सरळ जात नाही. त्यामुळे ते गोधडीत आले की हात लावताच कळते. म्हणजे नुसत्या कापडावरूनही गोधडीचा काळ अंदाजाने सांगता येईल. उस्मानशाही मिलचे १९७४ साली राष्ट्रीयीकरण झाले व नंतर ती बंदही पडली, पण तिचे कापड एखाद्या पेटीत अजून असू शकेल.

मोठ्या गोधडीतून उरलेल्या तुकड्यांचेही काही होत असे, आणि मला तर तोच भाग अधिक गोड वाटतो. बाळंतिणीसाठी दुपटी आणि कुंची ही घरातील थोरांच्या मऊ झालेल्या कपड्यांचीच. नवे कापड बाळाला टोचते हे खरे, पण आजोबांच्या धोतरात नातू गुंडाळण्यात दुसराही एक आनंद असतो. कुरआन शरीफसाठी जुजदान शिवावयाचे तर लग्नातल्या रेशमी कपड्याची कातरण जपून ठेवलेली असे. मुलीला सासरी जाताना बटवा, आल्यागेल्यासाठी बसकर. किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवर बंजारा भगिनी अशाच तुकड्यांवर आरसे आणि कवड्या लावून बटवे व रुमाल करतात. ही सगळी भेटवस्तूच, फक्त दुकानातून न आणलेली.

या कामाची किंमत बाहेरच्यांनी आपल्या आधी ओळखली. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या बायका करतात त्या गोधडीला 'कवंद' म्हणतात. चारी कोपऱ्यांवर 'फूल' शिवल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. हेन्री ड्रेवल या अमेरिकन अभ्यासकाच्या मदतीने २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या. महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे गीता खंडेलवाल यांचे पुस्तक फ्रान्समध्ये छापले गेले. आपल्या जिल्ह्यातील गोधडी मात्र अजून माळ्यावरच आहे.

तीही फार दिवस राहील असे नाही. स्टीलची भांडी आली तेव्हापासून जुने लुगडे भांडेवालीच्या टोपलीत जाऊ लागले. गोधडीचा कच्चा माल पातेल्याच्या बदल्यात गेला. त्यावर स्वस्त ब्लँकेटे आली. नवरात्रापूर्वी मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठी धुऊन वाळत घातलेल्या गोधड्यांच्या रांगा विरळ झाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरे कोसळली, हजारो माणसे झोपेतच गेली. त्या घरांतील पांघरुणांची मोजदाद करण्याची ती वेळ नव्हती, पण कित्येक पिढ्यांचे शिवणही त्या दगडमातीखाली राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून एक काम सुचवितो. सुट्टीत आपल्या आजीजवळ, नानीजवळ बसा आणि एकच गोधडी उलगडून हा तुकडा कोणाचा, हा केव्हाचा, असे विचारीत जा. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. मुलींनीच नव्हे, मुलांनीही सुई हातात घ्यावी. गल्लीतला दर्जी पुरुषच असतो. सुरुवातीला वीतभर चौरसाचे बसकर पुरे. सुती तुकडे धुऊन इस्त्री करावेत, तीन थर घ्यावेत, काठापासून आत यावे आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढा ठेवावा. शाळेच्या प्रदर्शनात ते मांडाल तेव्हा मागच्या बाजूस कापडाची एक पट्टी शिवा आणि तिच्यावर शाईने शिवणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि कापड कोणाचे होते ते लिहा. आजीची गोधडी आणलीत तर तिच्या पट्टीवर आजीचे पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची आई' असे लिहू नका.