जुनी चौकट आणि रुंद टायर

जुन्या पोलादी चौकटीच्या डोंगरी सायकलीवर अधिक रुंद टायर चढवावा, असे कोणाच्या मनात आले म्हणजे त्याची पहिली गाठ पडते ती चार-पाच मिलिमीटर मोकळ्या जागेशी. रिमवर टायर बसतो, हवाही नीट भरली जाते. पण चाक जागेवर घालून एक गिरकी द्यावी, तो रबर मागच्या चिमट्याच्या नळीला घासू लागते. १९९० च्या सुमारास बनलेल्या अशा पुष्कळ सायकली आजही धडधाकट आहेत. त्यांच्या नळ्या गंजलेल्या नाहीत, जोड सुटलेले नाहीत. तरीही केवळ ह्या अडचणीमुळे त्या अडगळीत जातात. ज्या सायकलीचा जन्मच मुळी रुंद टायरामुळे झाला, तिलाच पुढे रुंद टायर मावेनासा व्हावा, ही गोष्ट मोठी चमत्कारिक खरी.

हवेच्या टायराचे पहिले पेटंट रॉबर्ट टॉमसन ह्याने १८४५ साली घेतले आणि जग ते विसरले. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप ह्या पशुवैद्याने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली. हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या विषयाचा खरा आरंभ होतो तो १९३३ साली, शिकागो शहरात. मोटारीने अमेरिकेतील प्रौढ माणूस सायकलीवरून केव्हाच उतरविला होता; त्यात मंदीची लाट. उरलेले गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुलगे, आणि ते सायकल फुटपाथच्या कडांवरून बेधडक उडविणार! तेव्हा श्विन कारखान्याने २६ इंच व्यासाचा, २.१२५ इंच म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीचा ‘बलून’ टायर बाजारात आणला. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर जेमतेम ३८ मिलिमीटर भरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या टायराच्या अंगलोटाची कल्पना येईल. साहजिकच त्याच्यासाठी चौकटही ऐसपैस करावी लागली. मागचा चिमटा लांब, त्याच्या नळ्यांमधील अंतर भरपूर, आणि सारा ऐवज लोखंडाच्या मोटेसारखा जड.

चाळीस वर्षांनंतर ह्या जड चौकटींना नवे दिवस आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथे माउंट टॅमलपायस हा ७८४ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. शर्यतीच्या नाजूक सायकली चालविणारी काही तरुण मंडळी सुटीच्या दिवशी ह्या डोंगरावरील मातीच्या वाटा धुंडाळीत. तेथे सडपातळ टायराचा निभाव लागेना. मग त्यांनी जुन्या बाजारातून, कोणाच्या परसातून, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या श्विन ‘एक्सेलसियर’ चौकटी गोळा केल्या. त्यांचा पुढचा चिमटा अधिक तिरपा असल्यामुळे उतारावर सायकल स्थिर राही. आणि मुख्य म्हणजे खरबरीत दात्यांचा रुंद टायर घातला तरी चिखल निसटून जाण्यापुरती जागा तिच्यात शिल्लक असे. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली येथील एका शर्यतीस क्यूपर्टिनोकडील काही स्वार आले. त्यांनी अशाच जाड टायरांच्या सायकलींना गिअर जोडले होते. मरीनच्या मंडळींनी ते पाहिले. त्यांच्यापैकी गॅरी फिशर ह्याने लवकरच आपल्या एक्सेलसियरला गिअर बसविले. आता डोंगर उतरण्याबरोबर चढणेही शक्य झाले.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनच्या उतारावर पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. वाट सुमारे सव्वातीन ते साडेतीन किलोमीटरांची आणि उतार जवळजवळ चारशे मीटरांचा. ह्या नावामागे एक मौज आहे. पायटा उलटा दाबला की लागणारा जुना ब्रेक मागच्या हबातच असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत ह्या पुन्हा भरण्यालाच ‘रीपॅक’ म्हणतात. ४ मिनिटे २२ सेकंद हा तेथील विक्रम फिशरच्या नावावर आहे.

शाळकरी मुलांसाठी बनविलेल्या चौकटींना असली वागणूक फार काळ सोसणे शक्य नव्हते. त्या वाकत, मोडत. म्हणून १९७७ साली जो ब्रीझ ह्या तरुण कारागिराने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची अगदी नवी चौकट बांधली. टायर मात्र तोच, २.१२५ इंची. म्हणजे येथे टायर आधी आणि त्याच्या मापाने सायकल मागून. ब्रीझने त्या पहिल्या मालिकेत दहा सायकली बनविल्या. त्यांतील पहिली आज वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ ही जपानमध्ये बनलेली सायकल दुकानांत आली आणि हौशी मंडळींचा खेळ हा एक मोठा धंदा झाला.

मग चौकट आवळली गेली कशी? शर्यतींमुळे. उभ्या चढावर मागचे चाक घसरू नये म्हणून ते स्वाराच्या खाली ओढून घेणे सोयीचे; तेव्हा ४६ सेंटिमीटरांच्या आसपास असलेला मागचा चिमटा आखडत आखडत ४३ पर्यंत आणि त्याहूनही खाली आला. पण पायट्यांच्या आसाजवळ तर एका बाजूस चाक आणि दुसऱ्या बाजूस तीन दातेरी चकत्या, अशा कात्रीत ती नळी सापडलेली असते. चाक पुढे सरकले की त्याचा रुंद भाग ह्याच चिंचोळ्या जागेत शिरतो. शर्यतवाल्यांना १.९५ इंची हलके टायर पुरेसे वाटत, म्हणून कोणी तक्रारही केली नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तर काही कारखान्यांनी मागचा ब्रेक चिमट्याच्या खाली, नेमका चिखल साचण्याच्या ठिकाणी नेऊन बसविला! ह्या टुमीचे आयुष्य फार नव्हते, हे बरे झाले.

ह्या साऱ्याचा हिशेब आज त्या चौकटीच्या धन्याला फूटपट्टीने चुकता करावा लागतो. समजा, टायर जेथे सर्वांत रुंद असतो तेथे चिमट्याच्या नळ्यांमध्ये ६६ मिलिमीटर अंतर आहे. २.१ इंची, म्हणजे ५३ मिलिमीटरांचा टायर घातला तर दोन्ही अंगांना साडेसहा-साडेसहा मिलिमीटर उरतात. ६० चा घातला तर केवळ तीन. तीन मिलिमीटर शांत उभ्या सायकलीला पुरतील. पण चाक थोडे वेडेवाकडे झाले, चढावर जोर लावताना चौकट लवली, किंवा टायराला एखादा खडा चिकटला, की तोच खडा नळीवर कानशीसारखा चालतो. शिवाय टायरावर छापलेले माप आणि प्रत्यक्ष माप ह्यांत फरक असतो, आणि नवा टायर हवा भरून चार दिवस ठेवला की आणखी थोडा फुगतो.

पोलाद लवचीक म्हणून नळी ठोकून तिला खळगा पाडावा, असा सल्ला कधीकधी दिला जातो. कारखान्यात साच्यात दाबून केलेला खळगा निराळा आणि रंग चढलेल्या, पातळ नळीवर घरी केलेली ठोकाठोक निराळी. नळी नेमकी तेथेच तडकण्याची भीती असते. दुसरा मार्ग चाकच बदलण्याचा. २६ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ५५९ मिलिमीटर, तर ‘साडेसत्तावीस’ म्हणविणाऱ्या नव्या रिमचा ५८४. ह्याचा अर्थ रिमची कड साडेबारा मिलिमीटर बाहेर जाते, आणि चौकटीला कायमचे जोडलेले जुन्या ब्रेकचे खुंट जागचे हालत नाहीत. ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचणार कसे?

पुढच्या चिमट्यात मात्र साखळी नाही, दातेरी चकत्या नाहीत. तेथे बहुधा जागा अधिक असते. म्हणून जाणते दुकानदार पुढे २.३ किंवा २.३५ इंची आणि मागे २.१ इंची टायर सुचवितात. रुंद टायरात हवा कमी भरावी लागते, कारण त्याच दाबाला त्याच्या कापडावर ताण अधिक येतो. आणि जुनी रिम अरुंद असेल तर हवा फारच कमी करूनही चालत नाही, वळणावर टायर कलंडतो. चाक बसवून झाल्यावर स्वाराने सायकलीवर बसावे, पुढचा ब्रेक दाबून धरावा, पायट्यावर सारा भार टाकावा, आणि दुसऱ्या कोणीतरी खाली वाकून मागच्या नळीपाशी पाहावे.