बेरोजगारी : पतधोरण आणि कामगार संघटना

मध्यवर्ती बँकेचे पतधोरण आणि कामगारांचा संघटित सौदा यांमुळे रोजगारात होणारी घट-वाढ. व्याजदर चढले की कर्ज महागते, बांधकामे व कारखाने आखडते घेतात आणि कामे कमी होतात. दर उतरल्याचा गुण मात्र बऱ्याच महिन्यांनी येतो. संघटनेचा परिणाम दुहेरी असतो : मजुरी वाढल्यावर मालक नवी भरती थांबवू शकतो, पण कपात अडवून आहेत त्या नोकऱ्या संघटनाच राखते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हे दोन्ही धागे एकमेकांत गुंतले. १९२७ च्या चलन कायद्याने रुपया युद्धपूर्व १ शिलिंग ४ पेन्सऐवजी १ शिलिंग ६ पेन्सला बांधला. तो साडेबारा टक्क्यांनी महाग ठरला आणि परदेशी कापड स्वस्त पडू लागले. आधीच अडचणीत असलेल्या मालकांनी विणकऱ्याला दोनऐवजी तीन माग देण्याच्या योजना आणल्या. त्यात माणसे कमी होणार हे उघड होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले आणि त्या लढ्यातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या काळच्या बेकारीचे खापर संपावर फोडताना हा विनिमय दर विसरला जातो, हे अन्यायाचे आहे. गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांत हा दर उतरवण्याचीही मागणी होती.

पुढे जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची शेते कसली नाहीत. लाकूडफाटा विकून घरे चालली. हातचे काम आपण होऊन सोडण्याची ही ताकद संघटनेची होती. तिचे फळ कूळ कायद्याच्या रूपाने मिळाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कायद्याने बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक नोकऱ्या गेल्या. यंत्रमागांची स्पर्धा आणि जुनाट यंत्रे यांचाही त्यात वाटा होता.

अलिबागच्या दक्षिणेस असलेल्या नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पर्यटन यांवर मजुरी चालते. वाडी शिंपणाऱ्याच्या किंवा पर्यटकांसाठी रांधणाऱ्या बाईच्या रोजावर ना कुठला करार असतो, ना संपाचे बळ. २२ मे २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. वाड्यांतल्या पोफळी मोडून पडल्या. कर्ज स्वस्त झाले होते; नवी पोफळ धरायला मात्र पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर त्या वाडीत सुपारी काढणाऱ्याला काम नसते.